लंडन किती दशम्यांवर

अमरावती
ता. २० जानेवारी १९६४

अकोल्याच्या जाईबाई इनबाईले अमरावतीच्या दुर्गाबाईचा जयभीम.

पत्र लिहायले बसली तं दोन कागद शाई सांडून वाया गेले. घाई नाही, आनंद. इनबाई, मी विमानात बसणार! जिले मोर्शीच्या एस्टीत बसलं का गरगरते, लिंबू हुंगत जाते, ती मी.

तुमच्या शेषरावनं लंडनहून तिकीट पाठवलं. माझ्या शालूचे दिवस एप्रिलात भरतात. पहिलं बाळंतपण मायकडचं, ही तं रीतच आहे. पण तिथली डॉक्टरीण म्हणते आता हिनं विमानात बसायचं नाही. मग जवाईबुवा लिहितात, शालू माहेरी जाऊ शकत नाही तं माहेरच इकडं बोलावून घेतो. म्हणजे माहेर मीच. एका पिशवीत कपडे, एका पिशवीत डिंक अन् अळीव, अन् निघालं माहेर. शेजारची माणिकबाई तीन दिवसापासून बोलून नाही राहिली माझ्यासंगं. जळते, बाप्पा. जळू दे.

तिकिटासंगं एक कागद आहे. आमच्या घरचे शाळेत शिपाई, त्याहिले इंग्रजी आकडे समजतात. त्याहिनं चष्मा लावून वाचला. मुंबईहून सकाळी सातले निघायचं अन् लंडनले दुपारी तीनले उतरायचं. तारीख तीच, दिवस तोच! आठ तास, इनबाई! साडेचार हजार मैल अन् आठ तास. आपल्याले इथून मुंबईले जायले रातभर गाडीत बसा लागते. म्हणजे लंडन मुंबईहून जवळ निघालं. कोणाले सांगावं तं हसतीन.

मी तं वाटेचा हिशोब दशमीनं करते, तुमाले माहीत आहे. मोर्शी अर्ध्या दशमीवर. नागपूर एका दशमीवर. दीक्षेले गेलो तवा दोन दिवस मैदानात बसलो होतो, तुमच्या फडक्यातल्या दशम्या अन् आमच्या डब्यातला ठेचा. तिथंच तं आपली ओळख झाली. तुमी म्हणल्या, दुधात पीठ मळलं का भाकर तीन दिवस मऊ राहते. मी म्हणलं, मलेही येते. तुमचा शेषराव तवा मेडिकलले होता, आमची शालू शाळेत. त्या दोघांनी एकमेकाकडं पाहिलंबी नाही. आपणच पाहिलं. अन् आता पाहा, त्या ठेच्याचं अन् दशमीचं नातवंड लंडनले होऊन राहिलं.

शेषराव गेला तवा तुमी म्हणत होत्या, वीस दिवसाची वाट आहे. ते बोटीचं होतं. शालूही बोटीनंच गेली. आता जग पुढं गेलं. दोन दशम्यांत लंडन.

तुमच्यासाठी तिथून काय आणू ते लिहा.

तुमची
दुर्गाबाई

•

अकोला
ता. २७ जानेवारी

दुर्गाबाईस जयभीम.

पत्र भेटलं. आनंद झाला. तुमाले एवढा झाला म्हणजे आमालेही थोडा व्हायलेच पाहिजे.

मी कापसाच्या जिनात वीस वर्षं रुईची धूळ खाल्ली. त्या धुळीतून शेषराव डॉक्टर झाला. बाप नव्हता त्याले, मीच बाप. अन् विमानात बसून राहिल्या इनबाई. बसा. रीतीले मी नाव ठेवत नाही. पण रीत म्हणते मायच्या घरी बाळंतपण. लंडनचं घर तुमचं आहे का? ते माझ्या पोराचं घर, म्हणजे शालूचं सासर. सासरी बाळंतपण सासू करते. हे कोणी इचारलं का मले? नाही इचारलं. माणिकबाई जळते म्हणून लिहिलं तुमी. तिच्या शेजारी माझं नाव लिहून घ्या.

एक गोष्ट सांगा. आठ तास लिहिलं ते खरं का? कागद पुन्हा पाहा. शेषराव गेला तवा माझ्या दोन्ही खांद्यावर हात ठेवून म्हणाला होता, माय, वीस दिवस लागतात, लगीन असो का मरण, कोणाचंही पाऊल मधात उचलत नाही. मी मानलं. वीस दिवस दशमी टिकत नाही म्हणून मी त्याले फुटाणे अन् गूळ बांधून दिला. त्याले दशमी आवडते. ती दिली नाही.

पाच वर्षं झाली. आठ तासाची वाट असन तं तो येत काहून नाही?

मले काही आणू नका.

जाईबाई

•

अमरावती
ता. १५ फेब्रुवारी

इनबाई, जयभीम.

तुमचं पत्र तिखट होतं, पण मी मनावर घेतलं नाही. तिखट खाणाऱ्याचंच पोट साफ राहते. कागद पुन्हा पाहिला. आठच तास. घरच्यांनी दोनदा बोटं मोजली.

फोटो काढला परवा. फोटोवाला म्हणे, बाई, हसू नका, पासपोर्टले हसरा फोटो चालत नाही. मी म्हणलं, बाप्पा, मले विमानात बसायचं आहे, मी रडू का? चार फोटो वाया गेले. मग त्यानं मले जुन्या गोष्टी आठवायले सांगतल्या, तवा कुठं तोंड सरळ झालं. दंडाले टोचून घेतलं देवीचं. हा एवढा फुगला. देवीचं म्हणलं का हसूच येते, देव सोडले तरी देवी दंडावर आलीच.

तुमी आठ तासाचं इचारलं ते मले समजलं. तुमाले दशम्या पाठवायच्या आहेत! मग सरळ लिहावं ना. मी आठ मार्चले मुंबईच्या गाडीत बसते. दिवेलागणीले गाडी अकोल्यावर थांबते. तुमी फलाटावर या, फडकं खिडकीतून द्या. तुमच्या हाताची दशमी तिसऱ्या दिवशी लंडनले. खरं सांगू का, मले थोडी आगच होईल. शालूच्या दर पत्रात एक ओळ असते, सासूबाईची आंबाडीची भाजी आठवते. अकोल्याले दोन वर्षं राहिली नाही ते पोट्टी, अन् भाजी आठवते! मी वीस वर्षं खाऊ घातलं, माझ्या भाजीचा एक शब्द नाही. तरी मी म्हणते, या. मन मोठं ठेवावं माणसानं.

आमच्या घरच्यांनी नवी शाल घेतली माझ्यासाठी. तांबडी. लंडनले थंडी असते म्हणे.

वाट पाहते.

दुर्गाबाई

•

अकोला
ता. १ मार्च

दुर्गाबाईस जयभीम.

फलाटावर येणं होत नाही. जिनाचा सीझन आहे. दशम्याही पाठवत नाही. ज्याले आठ तासात मायकडं येता येत नाही, त्याले आठ तासाची दशमी काहून पाहिजे? शेषरावले सांगा, माय ठीक आहे. याहून जास्त एक शब्द सांगू नका.

शाल नीट पांघरा. तांबड्याचा रंग जाते.

जाईबाई

•

लंडन
ता. १९ मार्च

इनबाई, जयभीम.

या निळ्या कागदावर जागा थोडी, अन् सांगायचं पोतंभर. पोचली. शालू बरी आहे. पोट खाली उतरलं. पोरगीच होते, मी सांगून ठेवते.

विमानाचं सांगते. कान बसले. मग खिडकीतून पाहिलं तं खाली ढग. तुमच्या जिनातली रुई कोणी कोसभर पसरून ठेवावी तसे. मले पहिली आठवण तुमचीच झाली, खोटं नाही सांगत. वाटलं, जाईबाई असती तं म्हणाली असती, एवढी रुई कोण पेलणार.

आता ऐका खरी गंमत. सात वाजता निघालो. न्याहारीची भूक लागली, एक दशमी खाल्ली. ते लोक काही काही पांढरं देत होते, मी हात जोडले. मग जेवणाची भूक लागली, दुसरी खाल्ली. मधात दोनदा विमान उतरलं, पुन्हा चढलं. डोक्यावर सूर्य. मी म्हणलं आता येईल लंडन. येते कुठं! सूर्य तसाच. सांजच्या भाकरीची भूक लागली, पोट ओरडून राहिलं. तिसरी दशमी खाल्ली, अन् बाहेर पाहते तं लख्ख दुपार! उतरली तवा भिंतीवरच्या घड्याळात तीन. मी शालूले म्हणलं, पोरी, तुमच्या गावचं घड्याळ नासलं, किल्ली द्या. शालू पोट धरून हसली, मलेच भेव वाटलं.

मग तिनं समजावलं. सूर्य आपल्याकडं आधी निघते अन् यांच्याकडं साडेपाच तासानं मागून. आपले साडेआठ वाजले, जेवणं झाली, तवा यांचे कुठं तीन. म्हणजे विमान आठ तास नाही, साडेतेरा तास चाललं. कागदावर निघायचा टाइम मुंबईचा अन् पोचायचा लंडनचा. घरच्यांनी बोटं मोजली ती बरोबर, पण दोन गावची बोटं एकात मोजली. कागद फसवते, पोट फसवत नाही. लंडन तीन दशम्यांवर आहे, दोनवर नाही. अमरावतीभर मी आठ तास सांगत फिरली, आता माणिकबाईले कळलं तं माझं काही खरं नाही.

दुसरी गोष्ट सांगू का नको, असं करून राहिली. सांगते. अकोल्यावर गाडी थांबली तवा मी खिडकीतून मान काढकाढून पाहिलं. तुमी नव्हत्या. मान अजून दुखते. इथं घरी आली, पिशवी खाली ठेवली, अन् शेषरावनं पहिलं काय इचारलं? प्रवास कसा झाला? नाही. म्हणतो, "मायनं काही दिलं का?" त्याचं तोंड असं झालं होतं, इनबाई, शाळेतून आल्यावर पोरगं चुलीकडं पाहते तसं. मी काय करणार! उरलेल्या दशम्या काढल्या अन् म्हणलं, हो, या तुमच्या मायनं दिल्या.

सगळ्या खाल्ल्या. उभ्या उभ्या. शालूले अर्धी दिली नाही. अन् म्हणतो, "माय ते माय." पीठ माझं, दूध माझं, हात माझा, अन् माय तुमी! माझ्या जिवाची कशी लाही झाली ते मीच जाणते. तरी तोंडावर हसू ठेवलं.

कागद संपला.

दुर्गाबाई

•

अकोला
ता. ४ एप्रिल

दुर्गाबाईस जयभीम.

तुमच्या दशम्या माझ्या नावावर खपवायले मी सांगतलं नव्हतं. तुमी ओवा घालता. मी घालत नाही. उगाच माझं नाव ओव्यात गेलं.

सगळ्या खाल्ल्या का? उभ्यानंच?

साडेतेरा तास म्हणून तुमी लिहिलं. मले बरं वाटावं म्हणून लिहिलं असन. पण आठाचे साडेतेरा झाले तरी वीस दिवस होत नाहीत, बाई. एका दिवसाची वाट आहे. एका दिवसाच्या वाटेवर माझं पोरगं आहे अन् मी पाच वर्षं समजत होती का ते जगाच्या टोकाले आहे. पोस्टातल्या गोवर्धनले इचारलं, विमानं किती वर्षापासून जातात? तो म्हणे, मावशी, लय वर्षापासून. म्हणजे शेषराव गेला तवाही जात होती. तो बोटीनं गेला ते ठीक. सरकारनं शिकायले पाठवलं, सरकारनं बोट दाखवली. पण मले विमानाचं नाव काहून नाही सांगतलं? लगीन असो का मरण, म्हणाला. माझ्या मरणाले तो येणार नाही हे त्यानं आधीच ठरवलं का?

तुमी त्याले इचारा. मी इचारायले लावलं असं नाही सांगायचं. तुमच्या मनानं इचारा. तुमाले बोलायची सवय आहे, एखाद्या बोलण्यात ते घालून द्या.

बाळंतीण कशी आहे ते तारेनं कळवा. पत्रानं नाही. पत्राले आठवडा लागते.

जाईबाई

•

लंडन
ता. ३ मे

इनबाई, जयभीम, जयभीम, जयभीम!

तार भेटलीच असन. पोरगी! बारा एप्रिलले, जयंतीच्या दोन दिवस आधी. इथल्या बाया म्हणतात सात पौंड. मी म्हणलं, पौंड तुमच्यापाशी ठेवा, मले हातात द्या. हातात घेतली तं पायलीभर ज्वारीएवढी. जावळ काळंभोर. मी आजी झाली! दवाखान्यातल्या गोऱ्या बाईले मी इतक्यांदा सांगतलं का आता ती मले पाहिली का आपणहून म्हणते, "आजी, आजी."

नाकाचं सांगते. नाक तुमचं आहे. मी तीन दिवस कोणाले बोलली नाही, वाटलं बदलन. पोरांची नाकं बदलतात. नाही बदललं. अकोल्याचं नाक घेऊन आली पोरगी. डोळे तरी आमचे आहेत, असं मी सांगते, पण शालू म्हणते अजून सांगता येत नाही.

नाव मी यशोधरा म्हणलं होतं. तुमी पत्रात महामाया लिहून पाठवलं. शेषरावनं दोन्ही आज्यांचं ऐकून घेतलं अन् सुजाता ठेवलं. सुजाता तं सुजाता. बुद्धाले दूधभात देणारी. आपल्या दशमीतही दूधच असते.

आता ते दुसरं. मी इचारलं. बोलण्यात घालून इचारायचं होतं, पण मले ते जमत नाही. ताटावर बसला होता, मी सरळ म्हणलं, जवाईबुवा, विमान होतं तं मायले वीस दिवस काहून सांगतले?

त्यानं घास खाली ठेवला. म्हणाला, "मामी, त्या दशम्या मायच्या नव्हत्या ना?"

मी त्याच्या ताटात अजून भाजी वाढली.

म्हणाला, "मायच्या दशमीची एक बाजू करपलेली असते. जिनाचा भोंगा वाजला का ती तव्यावरची दशमी तशीच टाकून चपला शोधते. तुमच्या दोन्ही बाजू सारख्या होत्या. ओवाही होता. माय अकोल्यावर आली नाही, हे मले तवाच समजलं."

समजलं तरी सगळ्या खाल्ल्या त्यानं, इनबाई. माझं मन राखलं, अन् माय ते माय म्हणून मले खोटंही ठरू दिलं नाही. असा पोरगा तुमाले झाला. मले काहून नाही झाला असा?

मग सांगतलं. म्हणे, "नागपूरले होतो तवा माय दर जयंतीले, दर दसऱ्याले अकोल्याच्या फलाटावर उभी राहायची. मी येतो लिहिलं असो का नसो. एका दसऱ्याले परीक्षा होती, गेलो नाही. तिनं नागपूरकडून येणारी एकएक गाडी पाहिली. दुसऱ्या दिवशीही गेली. त्यापायी जिनातलं काम सुटलं, पुढल्या सीझनलेच परत भेटलं. मले तिनं कधी सांगतलं नाही, मले आमच्या आळीतल्या रामरावनं सांगतलं. इथं येताना मले माहीत होतं, शिक्षण होतवर सुटी नाही. मी म्हणलो असतो का माय, एका दिवसाची वाट आहे, तं ती रोज फलाटावर गेली असती. माणूस जवळ आहे म्हणलं का ती वाट पाहाते. म्हणून मी लांब झालो. वीस दिवस म्हणलं तं माणूस घरी बसते, जेवते."

एवढं बोलून उठला. हात धुवायले गेला तो बराच वेळ नळ चालू होता.

इनबाई, मले त्या दिवशी भाकर गोड लागली नाही. तुमच्यावर इतका जळफळाट झाला माझा का काय सांगू. माझी शालू मले सरळ लिहिते, "माय, येणं होत नाही, सुटी नाही." मी वाट पाहात असन म्हणून माझ्यासाठी कोणी साडेचार हजार मैल लांबवले नाहीत.

ऑगस्टात मी परत येते. शालू अन् सुजाता माझ्यासंगं येतात, सहा महिने राहायले. शेषरावची मोठी परीक्षा आहे, ती झाली का पुढच्या जयंतीले तो येते. विमानानं. आधी अमरावतीले जाऊ, माहेरी सव्वा महिना ठेवते, इथं झालं नाही ते सगळं करते, मग अकोल्याले पोचवते. रीतच आहे.

दुर्गाबाई

•

अकोला
ता. १८ जून

दुर्गाबाईस जयभीम.

तुमचं पत्र मी स्वतः वाचलं. साक्षरतेच्या वर्गात शिकली त्याचा असा उपयोग होईल वाटलं नव्हतं. जोडाक्षरं अडली, पण कोणाले वाचायले दिलं नाही.

आठ मार्चले मी फलाटावर आली होती.

पाण्याच्या टाकीमागं उभी होती. हातात फडकं होतं, आत दशम्या. तुमची गाडी आली. तुमी खिडकीत. तांबडी शाल. मान काढून इकडंतिकडं पाहून राहिल्या होत्या. मले वाटलं, ही माझ्या पोराले परवा पाहील. हिचे डोळे त्याले पाहतील, माझे नाही. माझ्या हातून ते फडकं द्यायलेच होईना. पाय उचलला नाही. अन् दशम्या एका बाजूनं करपल्या होत्या. तुमाले दिसलं असतं. गाडी गेली.

घरी आली अन् त्याच दशम्या खाल्ल्या. रोज एक. पाचव्या दिवशीची पण मऊ होती. लंडनले पोचल्या असत्या.

शेषराव म्हणतो ते खरं आहे. मी गेली असती रोज. त्याच्यावरचा राग गेला. तुमच्यावरचा थोडा आहे, तो राहू द्या.

सव्वा महिना माहेरी ठेवता म्हणता, ठेवा. पण एक आहे. मुंबईकडून येताना गाडीत अकोला आधी लागते, तुमचं बडनेरा मागून. हे कोणाच्या रीतीत नाही, पटरीच तशी आहे. गाडी पाच मिनिटं थांबते. पोरीले खिडकीतून दाखवा. हातात नाही मागत. नाक पाहीन फक्त.

जाईबाई

•

लंडन
ता. ११ जुलै

इनबाई, जयभीम.

खिडकीतून दाखवणार नाही. पोरगी काय संत्र्याची टोपली आहे, फलाटावर खिडकीतून दाखवायले?

शालूले तुमचं पत्र वाचून दाखवलं. टाकीचं आलं तवा ती उठून दुसऱ्या खोलीत गेली. मी एकटीच बसली पोरीले मांडीवर घेऊन. मी तवा खिडकीतून मान काढून म्हणत होती, पाहा, आली नाही, कसं मन लहान आहे बाईचं. अन् मन दहा पावलांवर उभं होतं.

तं आता ऐका. एकवीस ऑगस्टले आमी गाडीत बसतो. टाकीमागं उभं राहू नका. टाकीपुढं उभं राहा, हात मोकळे ठेवा. मी दोघींसंगं अकोल्याले उतरते, बिस्तरा, ट्रंक, सगळं घेऊन. सव्वा महिना तुमच्याकडं आधी, माझ्याकडं मागून. माझ्या मनाविरुद्ध आहे. हे मी हसत लिहून राहिली असं समजू नका. आमच्या घरच्यांना पाळणा टांगायले सांगतला होता, तो टांगला म्हणून पत्र आलं आहे.

दुर्गाबाई

•

अमरावती
ता. २ सप्टेंबर

इनबाई, जयभीम.

पोचली. तीन तासच लागले, बडनेऱ्याले गाडी बदलली तरी. अर्धी दशमीही नाही. तुमी बांधून दिलेलं फडकं तसंच घरी आलं.

माणिकबाई आली होती. तिले ढगाचं सांगतलं, गोऱ्या बाईचं सांगतलं, शाल दाखवली. मग तिनं इचारलं, नात कुठं? मी म्हणलं, अकोल्याले. ती पाळण्याकडं पाहात राहिली. आता ती जळत नाही माझ्यावर. मले तेच जड जाते.

तुमी त्या दिवशी फलाटावर हात पुढं केले अन् पोरगी तुमच्याकडं अशी गेली जशी ओळखतच होती. चार महिने मी न्हाऊ घातलं तिले! माझ्याकडं वळून पाहिलं नाही. नाकाले नाक भेटलं, असं म्हणून मी हसली. तुमी रडून राहिल्या होत्या म्हणून तुमाले दिसलं नाही, माझं हसू कसं होतं ते.

इथं काय होऊन राहिलं ते सांगते. दुपारची गाडी आली का कान तिकडं जातात. स्टेशन इथून मैलभर नाही, शिट्टी ऐकू येते. काल मी चपला घालून दारापर्यंत गेली. घरच्यांनी इचारलं, कुठं? मी म्हणलं, कोथिंबीर आणते. कोथिंबीर घरात होती. मले माहीत आहे सव्वा महिना व्हायचा आहे, कोणी येत नाही. पण तीनच तास, इनबाई. तीन तासाच्या वाटेवर आहे पोरगी. लंडनले असती तं मी घरी बसली असती.

तुमी माझ्यासाठी एक करा. मले खोटं लिहा. लिहा, का अकोला लय लांब आहे. पटरी उखडली, पूर आला, वीस दिवस लागतात. तुमच्या पोरानं तुमच्यासाठी केलं, तेवढं तुमी माझ्यासाठी करा.

दुर्गाबाई

•

अकोला
ता. ५ सप्टेंबर

दुर्गाबाईस जयभीम.

मले खोटं लिहिता येत नाही. उशिरा शिकली, खरंच लिहायले वेळ पुरत नाही.

पटरी ठीक आहे. पूर नाही. बडनेऱ्याहून सकाळची गाडी निघते, ते दुपारच्या जेवणाले अकोल्यावर येते. मी पोरीले घेऊन टाकीपुढं उभी राहीन. रविवारी आली नाही तं सोमवारी राहीन. मले सवय आहे.

पाळणा तिथंच राहू द्या, पुढं लागन. दशम्या आणू नका. मी करून ठेवते. एक बाजू करपली तं बोलायचं नाही.

जाईबाई